कुणाचा ठोसा सगळ्यात जड? घण, जातं आणि हेवीवेटची सव्वाशे वर्षं

लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत मुक्का मारायचं यंत्र असतं. वरून लोंबणारा लाल चेंडू, त्याला जोर लावून बुक्की हाणायची, चेंडू वर जाऊन खटकन अडकतो आणि काचेमागं आकडे पळायला लागतात. माझ्या भाच्यानं पहिल्या यंत्रावर ६१२ काढले. वीस पावलांवर दुसरं यंत्र होतं, तिथं त्याच हाताचे ७९० आले. घरी येताना गाडीवर मागं बसून त्यानं विचारलं, "मामा, ह्याच्यावर टायसनचे किती आले असते? आन् मोहम्मद अलीचे?"

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो आणि शाळकरी वयापासून हेवीवेटच्या, म्हणजे बॉक्सिंगमधल्या सगळ्यात जड वजनगटाच्या, लढती बघत आलोय, तरी त्याला रस्त्यात उत्तर देता आलं नाही. एक पोरगं, एक हात, एक संध्याकाळ, तरी दोन यंत्रांवर पावणेदोनशेचा फरक. मग १९१९ सालचा माणूस आणि २०१९ सालचा माणूस एका तराजूत घालायचे कसे? आणि घालता येतच नाहीत म्हणून गप्प बसणंही मला पटत नाही. बरंच काही सांगता येतं. फक्त 'जोर' हा शब्द आधी नीट सोडवून घ्यावा लागतो.

मला तो सुटला औशाच्या रस्त्याला. सूत्रं पाठ होती, पण डोळ्यांना दिसलं ते तिथं. रस्त्याकडेला एका घिसाडी कुटुंबाचं पाल पडलं होतं आणि आमची पहार बोथट झाली होती, ती घेऊन गेलो. नवरा ऐरणीपाशी उकिडवा बसून सांडशीत धरलेली लालभडक पहार फिरवत होता. घण होता बाईच्या हातात. अंगानं किरकोळ, वजन पन्नास किलोही नसावं, पदर कमरेला खोचलेला. घण डोक्यावर गेला की तिच्या उजव्या पायाची टाच उचलली जायची. मग टाच जमिनीत रुतायची, मग कंबर वळायची, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी हात. घण लोखंडाला भिडायच्या क्षणी मुठी आवळायच्या. असे चाळीसेक घाव मी मोजले, एकही वाया गेला नाही. मी म्हटलं, "मावशी, हात दुखत नाहीत का?" ती म्हणाली, "हातानं मारलं तर दुखतील की. हे पायातून मारायचं असतंय."

बॉक्सिंगचा अभ्यास करणाऱ्यांनी हेच आकड्यांत मांडलंय. १९८०च्या दशकात सोव्हिएत अभ्यासकांनी बॉक्सर तपासले. मुरलेल्या बॉक्सरच्या ठोशात सुमारे ३८ टक्के वाटा पायांच्या रेट्याचा, ३७ टक्के धडाच्या वळणाचा आणि हाताचा जेमतेम २४ टक्के निघाला. नवख्यांत पायांचा वाटा १६-१७ टक्क्यांवर यायचा. नवखा पोरगा हातानं मारतो, मुरलेला टाचेतून मारतो.

आता वजनाकडं येऊ. नुसत्या मुठीचं वजन अर्धा किलोच्या आसपास भरेल. ठोसा बसतो त्या क्षणी मनगट, कोपर, खांदा, कंबर सगळं एका रेषेत घट्ट झालं, तर मुठीच्या मागं शरीराचाही काही हिस्सा जोडला जातो. मनगट ढिलं पडलं तर नुसती मूठ लागते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी फ्लायवेटपासून सुपर हेवीवेटपर्यंतच्या ७ ऑलिम्पिक बॉक्सरांना मोटार अपघातांच्या चाचणीत वापरतात तसल्या पुतळ्याच्या तोंडावर ठोसे मारायला लावले. मुठीचा सरासरी वेग सेकंदाला ९.१४ मीटर, म्हणजे ताशी ३३ किलोमीटर. ठोशामागचं वजन सरासरी २.९ किलो. बल ३,४२७ न्यूटन. आणि कामाची गोष्ट अशी की जड वजनगटाचा ठोसा जास्त बसला तो मुख्यतः त्यामागच्या वजनामुळं, वेगामुळं तितका नाही.

हेवीवेटच्या बाबतीत सगळ्यात चांगलं मोजमाप मला १९८५ चं वाटतं. ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठात फ्रँक ब्रुनो या शंभर किलोंच्या वरच्या बॉक्सरला एका टांगलेल्या लंबकावर ठोसा मारायला लावला. मुठीचा वेग सेकंदाला ८.९ मीटर. बल ४,०९६ न्यूटन, म्हणजे साधारण ४१८ किलो वजनाचा दाब. साठ किलोच्या पोत्याच्या हिशेबानं सोयाबीनची सात पोती. तीही हळूहळू ठेवलेली नव्हेत, मूठ टेकल्यापासून १४ मिलिसेकंदांच्या आत. त्या अभ्यासकांनी दिलेली उपमा वाचून मला औशाचा रस्ताच आठवला. ते म्हणतात, ६ किलोची गादी लावलेली लाकडी मोगरी ताशी ३२ किलोमीटर वेगानं येऊन लागावी, तसा हा ठोसा होता.

हे माप हाताशी ठेवा, पुढं लागणार आहे.

कारण जुन्या लोकांबद्दल अशी मोजमापं नाहीत, गोष्टी आहेत. रॉकी मार्सियानो घ्या. ४९ लढती, ४९ विजय, त्यातले ४३ नॉकआउट. वजन ८५ किलोंच्या आसपास, उंची पाच फूट दहा इंच. १९५२ मध्ये फिलाडेल्फियाला जर्सी जो वॉलकॉटला १३व्या फेरीत त्यानं जो उजवा हात मारला, तो पाहून आजही अंगावर काटा येतो. वॉलकॉट एक हात दोरीत अडकून गुडघ्यावर येतो आणि पोतं घसरावं तसा खाली जातो. या मार्सियानोबद्दल एक वाक्य कायम फिरत असतं. त्याच्या ठोशात चिलखत भेदणाऱ्या गोळीपेक्षा जास्त ऊर्जा होती, आणि तेवढ्या ऊर्जेत हजार पौंडांचं वजन एक फूट उचललं गेलं असतं. बारावीचं पोरगंही हे ताडून बघू शकतं. हजार पौंड म्हणजे ४५४ किलो, एक फूट म्हणजे ०.३ मीटर. ऊर्जा येते १,३५० ज्यूलच्या आसपास. ब्रुनोच्या मोगरीची ऊर्जा काढली तर २४० ज्यूलच्या आत भरते. म्हणजे ८५ किलोंच्या माणसानं शंभर किलोंच्या जगज्जेतेपदाच्या दावेदारापेक्षा साडेपाच पट ऊर्जा काढली, असं मानावं लागेल. तेवढंच सहा किलोंचं वजन मुठीमागं धरलं, तर मूठ ताशी पंच्याहत्तर किलोमीटरच्या वर पळाली पाहिजे. माणसाचा हात तसा पळत नाही. शिवाय त्या काळच्या सैनिकी रायफलच्या गोळीची ऊर्जा १,३५० ज्यूलच्या दुपटीहून जास्त असायची, तेव्हा वाक्याचे दोन तुकडे एकमेकांशीही जुळत नाहीत. मार्सियानो माझ्या आवडत्या बॉक्सरांपैकी आहे. त्याच्या मोठेपणाला हे वाक्य लागत नाही.

मग ८५ किलोंच्या माणसानं एवढे लोक झोपवले कसे? इथं जातं उपयोगी पडतं. जात्याचा खुंटा पाळीच्या मधोमध असता तर आपल्या आयांना ते ओढवलं नसतं. तो कडेला असतो म्हणून वरची पाळी फिरते. माणसाच्या डोक्याचा आस म्हणजे मान, आणि खुंटा म्हणजे हनुवटी. हनुवटीच्या टोकाला आडवा ठोसा बसला की डोकं गर्रकन फिरतं. कवटी फिरते, आतला मेंदू मात्र भरलेला माठ एकदम फिरवल्यावर पाणी मागं राहावं तसा मागं राहतो. त्या पिळानं माणूस शुद्ध हरपतो. कपाळावर समोरून बसलेला त्याहून जोराचा ठोसा माणूस सोसून जाईल, कारण तिथं डोकं मागं ढकललं जातं, पिळलं जात नाही. आणि ठोसा येताना दिसला तर मानेचे स्नायू आवळले जातात, डोक्याला धडाचं वजन मिळतं. न दिसलेला ठोसा नुसत्या डोक्याला लागतो. म्हणून नॉकआउट पाहून ठोशाचं बल सांगता येत नाही. बल, जागा, दिशा आणि समोरच्याची सावधगिरी असे चौघं त्यात भागीदार असतात.

याचा सगळ्यात जुना पुरावा मला फार प्रिय आहे. बॉब फिट्झसिमन्स हा न्यूझीलंडमधल्या टिमारू गावात वडिलांच्या भट्टीवर घण मारत मोठा झालेला लोहार. १७ मार्च १८९७ ला अमेरिकेत कार्सन सिटी इथं त्यानं जगज्जेत्या जिम कॉर्बेटला १४व्या फेरीत पाडलं. वजन अवघं ७६ किलो, आणि ठोसा जबड्यावरही नव्हता. तो होता पोटाच्या वरच्या खळगीत. कॉर्बेट शुद्धीवर होता, डोळे उघडे होते, पण श्वासच घेता येईना. आजच्या वजनगटांत फिट्झसिमन्स हेवीवेटच्या आसपासही फिरकला नसता.

काळाकाळांची तुलना करताना घोटाळा होतो तो इथंच. हेवीवेट हा शब्द तोच राहिला, आतला माणूस बदलत गेला. जॅक डेम्प्सी ८५ किलो, जो लुई नव्वदच्या आसपास, अली, फोरमन आणि टायसन ऐन भरात शंभरच्या आतबाहेर, लेनॉक्स लुईस ११० च्या वर, टायसन फ्युरी तर कधी १२५ च्याही वर. आज ९०.७ किलोपर्यंतच्या बॉक्सरला क्रूझरवेट म्हणतात. म्हणजे डेम्प्सी आणि मार्सियानो दोघंही आज हेवीवेटच्या खालच्या गटात लढले असते. पारावर आमच्याकडं असाच वाद रंगतो. रामलिंग मुदगडचे रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार आज मॅटवर उतरले असते तर? माती वेगळी, मॅट वेगळी, नियम वेगळे. मुष्टियुद्धात तर हातातली वस्तूसुद्धा बदलली.

तिचीच गोष्ट सांगतो, कारण इथं बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. ८ जुलै १८८९ ला मिसिसिपीत जॉन एल. सलिव्हन आणि जेक किलरेन उघड्या मुठींनी लढले. ७५ फेऱ्या, दोन तासांच्या वर. मूठ उघडी असेल तर ठोसा जास्त लागायला हवा, मग लढत एवढी लांबली का? कारण कवटीपेक्षा बोटांची हाडं नाजूक. उघड्या मुठीनं पूर्ण ताकदीचा ठोसा डोक्यावर मारला तर मारणाऱ्याचाच हात मोडायचा, म्हणून जपून मारावं लागे. हातमोज्यानं मार खाणाऱ्याच्या कातड्याला थोडं वाचवलं, पण मारणाऱ्याच्या बोटांना मोकळीक दिली. त्याच्या अंगाची सगळी ताकद डोक्यापर्यंत पोचायला लागली ती त्यानंतर.

४ जुलै १९१९ ला टोलेडोमध्ये डेम्प्सीनं १११ किलोंच्या जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं, तेव्हा हातमोजे ५ औंसांचे होते. आजचे हेवीवेट १० औंसांचे घालतात. गादी जाड झाली की ठोसा टेकण्याचा वेळ थोडा वाढतो आणि बलाचं टोक खाली येतं, पोत्यावर पडलेला आंबा फुटत नाही तसं. डेम्प्सीला आणखी एक सवलत होती. पडलेला माणूस उठेपर्यंत त्याच्या उशाशी उभं राहता येत होतं. विलार्ड गुडघ्यावरून वर आला की पुढचा ठोसा तयार. दूरच्या कोपऱ्यात जाऊन थांबायचा नियम नंतर आला, आणि १९२७ मध्ये शिकागोला जीन टनीविरुद्ध डेम्प्सीला तोच नडला. तो कोपऱ्यात जायला रेंगाळला, मोजणी उशिरा सुरू झाली, टनी उठला आणि जिंकला. तेव्हा सात वेळा पाडलं यात ठोसा किती आणि नियम किती, हे वेगळं काढावं लागतं. शिवाय त्या काळचा कॅमेरा हातानं फिरवायचा. चित्रफीत दाखवताना वेग बदलला की माणसं भराभर हलताना दिसतात. ते बघून डेम्प्सीच्या हाताचा वेग ठरवू नये.

नॉकआउटच्या टक्केवारीवरही माझा फार भरवसा नाही. डिओन्टे वाइल्डरनं पहिल्या ३२ च्या ३२ लढती नॉकआउटनं जिंकल्या, एकही चार फेऱ्यांपुढं गेली नाही. २०१५ मध्ये बर्मेन स्टिव्हर्न पहिल्यांदा पूर्ण १२ फेऱ्या टिकला. पावणेतीन वर्षांनी वाइल्डरनं त्याच स्टिव्हर्नला पहिल्या फेरीत आडवं केलं. ठोसा तोच, जबडा तोच, निकालात जमीन-अस्मानाचा फरक. आणि यंत्राचे आकडे? मिक्स्ड मार्शल आर्ट्समधून बॉक्सिंगमध्ये आलेल्या फ्रान्सिस एनगानूच्या नावावर १,२९,१६१ हा आकडा रील्समध्ये फिरतो, मोटार येऊन धडकल्यासारखा म्हणे. तो न्यूटनमध्ये नाही, त्या यंत्राच्या स्वतःच्या एककात आहे. भाच्याच्या ७९० सारखाच. एनगानूनं २०२३ मध्ये रियाधला फ्युरीला खरोखर पाडलं, पण फ्युरी उठला आणि जिंकला. पुढच्या मार्चमध्ये अँथनी जोशुआनं एनगानूला दुसऱ्या फेरीत संपवलं.

कॉम्प्युटरनंही एकदा प्रयत्न केला होता. निवृत्त मार्सियानो आणि त्या वेळी बंदी असलेला अली यांच्याकडून रिंगणात लुटुपुटूच्या फेऱ्या खेळवून घेतल्या आणि कॉम्प्युटरचा निकाल म्हणून जानेवारी १९७० मध्ये दाखवल्या. मार्सियानो त्याआधीच, ऑगस्ट १९६९ मध्ये, विमान अपघातात गेला होता. अमेरिकेत लोकांनी मार्सियानो जिंकलेला पाहिला, युरोपात अली.

मग उरतं काय? उरतात माणसं. मला यातला सगळ्यात भरवशाचा मार्ग जमीन मोजणीसारखा वाटतो. साखळी लहान असते, वावर मोठं असतं, म्हणून एकेक साखळी पुढं टाकत जायचं. दोन वेगळ्या काळांतल्या ठोसेबाजांचा मार ज्यानं खाल्ला, तो माणूस म्हणजे साखळीची कडी. केन नॉर्टन बघा. अलीसारख्या तंत्रवाल्यासमोर तीन लढतींत मिळून ३९ फेऱ्या उभा राहिला, लॅरी होम्ससमोर १५. पण १९७४ मध्ये फोरमनसमोर दोन फेऱ्या, १९७९ मध्ये अर्नी शेव्हर्ससमोर एक फेरी, १९८१ मध्ये गेरी कूनीसमोर ५४ सेकंद. जड ठोसा कुणाचा आणि साधा कुणाचा, हे नॉर्टनचा जबडा कुठल्याही यंत्रापेक्षा स्वच्छ सांगतो. होम्स १९७९ मध्ये शेव्हर्सच्या एका उजव्या हातानं पडला, उठला आणि जिंकला. १९८८ मध्ये तोच होम्स टायसनसमोर चौथ्या फेरीत संपला. मात्र तेव्हा तो ३८ वर्षांचा होता आणि पावणेदोन वर्षांनी रिंगणात उतरला होता. साखळीची प्रत्येक कडी थोडी सैल असते, आणि कड्या वाढल्या की चूकही वाढत जाते.

म्हणून मी अशी कडी शोधली जी स्वतःच दोन्ही काळांत लढली. जॉर्ज फोरमन. २२ जानेवारी १९७३ ला किंग्स्टनमध्ये त्यानं अजिंक्य जो फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. एका ठोशानं फ्रेझियरचे पाय जमिनीवरून उचलले गेलेले दिसतात. पुढच्याच वर्षी किन्शासात अलीनं त्याला दमवून आठव्या फेरीत हरवलं. १९७७ ला निवृत्ती, दहा वर्षं धर्मोपदेश, १९८७ ला पुनरागमन. आणि ५ नोव्हेंबर १९९४ ला, वयाच्या ४५व्या वर्षी, ११३ किलो वजनानं, किन्शासात घातलेलीच लाल चड्डी घालून, तो मायकल मूररसमोर उभा राहिला. किन्शासाची लढत झाली तेव्हा मूरर सात वर्षांचाही नव्हता. नऊ फेऱ्या फोरमन गुणांवर मागं होता. दहाव्यात एक आखूड उजवा हात. मुठीनं वीतभर अंतरही धड कापलं नसेल. मूरर पाठीवर. पंचविशीतला वेग तोवर केव्हाच गेला होता, पाय जड झाले होते. उरलं होतं ते ठोशामागचं वजन आणि ते नेमक्या क्षणी जोडायची रीत. मूरर मुळात खालच्या वजनगटातून वर आलेला, हे मान्य करूनही मला याहून चांगला पुरावा दिसत नाही. नुसत्या जडपणात माझा पहिला क्रमांक फोरमनचा. किलोमागं किती जोर असा हिशेब लावला तर मार्सियानो आणि वाइल्डर. वाइल्डरनं ९६ किलोंत ११६ किलोंच्या फ्युरीला पाठीवर झोपवलं होतं, २०१८ मध्ये, बाराव्या फेरीत.

हे सगळं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात बसून भाच्याला सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "पण मामा, टायसनचं राहिलंच की." राहिलं होतं खरं. टायसनचा सगळ्यात घातक ठोसा म्हणजे डावा हुक, बाजूनं येणारा, आधी बरगडीत आणि लगेच हनुवटीवर, डोळ्याला दिसायच्या आत. जत्रेतलं यंत्र चेंडूचा दांडा मागं किती वेगानं गेला तेवढंच बघतं. खुंटा फिरवणारा आडवा ठोसा त्याला धड कळतच नाही. टायसननं तिथं हुक मारला असता तर आकडा कदाचित भाच्यापेक्षा कमी आला असता.

त्याला हे अजिबात पटलं नाही. रविवारी आम्ही परत यात्रेत गेलो. मी त्याला दुसऱ्या यंत्राकडं जाऊ दिलं नाही, पहिल्यावरच उभं केलं. उजवी टाच कुठं ठेवायची, कंबर कधी वळवायची आणि मूठ कधी आवळायची, ते दाखवलं, औशाच्या मावशीनं मला दाखवलं होतं तसं. त्याच यंत्रावर, त्याच हाताचे ६७४ आले.